अंधेरीहून सकाळी निघालात की दुपारपर्यंत लेहमध्ये, पण शरीर तिथं पोहोचायला दोन दिवस का लागतात?

मे महिना जवळ आला की बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंतच्या फॅमिली ग्रुपवर एक पीडीएफ फिरायला लागते. 'लेह-लडाख, 5 रात्री 6 दिवस.' पहिल्या दिवशी आगमन आणि लगेच शांती स्तूप, दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ओलांडून नुब्रा, तिसऱ्या दिवशी पँगाँग. ऑफिसच्या सुट्ट्या मोजक्याच, त्यामुळे एकही दिवस वाया जाणार नाही, असा सगळा बेत असतो.

या पीडीएफमध्ये हॉटेलचं नाव असतं, नाश्त्याला काय मिळणार तेही असतं. एक आकडा मात्र सहसा नसतो. तो म्हणजे कुठल्या रात्री तुम्ही किती उंचीवर झोपणार आहात.

लेहची ट्रिप मजेत होणार की हॉस्पिटलच्या खाटेवर संपणार, हे बऱ्याचदा याच आकड्यावर ठरतं. कसं, ते समजून घेऊ.

लेह नेमकं किती उंच?

लेह शहर समुद्रसपाटीपासून साधारण 3,500 मीटर उंचीवर आहे. हा आकडा नुसता वाचून फारसं काही कळत नाही. म्हणून आपल्या ओळखीची मापं घेऊ.

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची 1,646 मीटर. म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी लेह त्यांच्या वरच राहतं. खारदुंग ला ही खिंड 5,359 मीटरवर आहे, म्हणजे तीन कळसूबाईंच्याही वर.

मुंबईचा विमानतळ जवळपास समुद्राच्या पातळीवर. लेहचा कुशोक बकुला रिम्पोछे विमानतळ 3,256 मीटरवर. थेट विमान असो किंवा दिल्लीला बदलून, हे अंतर काही तासांत कापलं जातं. कळसूबाई चढताना निदान पायांना तरी कळतं की आपण वर चाललोय. विमानात खुर्चीवर बसून, सँडविच खाताखाता तुम्ही त्याच्या दुप्पट उंचीवर पोहोचता आणि शरीराला त्याची पूर्वसूचनाच मिळत नाही.

लेहची विमानं बहुतेक सकाळी का असतात, असाही प्रश्न पडतो. दुपारी तिथल्या दऱ्यांमध्ये वारा जोरात वाहू लागतो. त्यात हवा आधीच विरळ, ती तापली की आणखी विरळ होते आणि विमानाला उड्डाण घेणं अवघड जातं. थोडक्यात, या हवेपुढे विमानसुद्धा वेळ सांभाळून वागतं.

ऑक्सिजन कमी होतो म्हणजे काय होतं?

'वर हवेत ऑक्सिजन नसतो' असं सर्रास म्हटलं जातं. हे अर्धवट खरं आहे. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण अंधेरीत 21 टक्के असतं आणि लेहमध्येही 21 टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. 3,500 मीटरवर हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के उरतो. खारदुंग लावर तो जवळपास निम्मा असतो.

दाब कमी म्हणजे हवा विरळ. तुम्ही तेवढाच श्वास घेतला तरी छातीत जाणारा ऑक्सिजन मुंबईच्या तुलनेत साधारण दोन तृतीयांशच असतो.

याचे पुरावे तिथं डोळ्यांसमोर दिसतात. मुंबईहून नेलेलं वेफर्सचं पाकीट लेहमध्ये फुग्यासारखं टम्म फुगतं, कारण आतला दाब मुंबईचा आणि बाहेरचा लेहचा असतो. पाणी 100 नाही, साधारण 88 अंशांनाच उकळतं. म्हणून कुकरशिवाय डाळ-भात शिजता शिजत नाही.

पहिल्या 48 तासांत शरीरात काय चालतं?

लेहमध्ये उतरल्यावर हॉटेलवाला सांगतो, 'आज आणि उद्या आराम करा.' अनेकांना वाटतं की हा नुसता उपचार आहे. प्रत्यक्षात बाहेरून आराम दिसत असला तरी आत शरीराची जोरदार धावपळ सुरू असते.

सगळ्यात आधी श्वास वाढतो. रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय हे कळताच शरीर जोरात आणि भराभर श्वास घ्यायला लावतं. हृदयाचे ठोकेही वाढतात.

पण इथं एक अडचण येते. भराभर श्वास घेतल्यामुळे शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त प्रमाणात बाहेर पडतो आणि रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बिघडतो. मग मेंदू उलटा आदेश देतो, श्वास कमी कर. एकीकडे ऑक्सिजन हवा म्हणून वेग वाढवायचा, दुसरीकडे तोल सांभाळायला ब्रेक मारायचा, अशी ओढाताण चालू राहते. पहिल्या रात्री झोपेत श्वास मध्येच थांबल्यासारखा वाटून दचकून जाग येते, ती यामुळेच.

ही ओढाताण मूत्रपिंडं सोडवतात. ती रक्तातलं जादाचं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून तिथं लघवीला वारंवार जावं लागतं आणि ते चांगलं लक्षण समजलं जातं. या कामाला एक-दोन दिवस लागतात. ते झालं की श्वासावरचा ब्रेक सुटतो आणि माणसाला बरं वाटू लागतं.

48 तास हा आकडा येतो तो इथून. रक्तातल्या लाल पेशी वाढायला तर आठवडे लागतात, तेवढ्यात आपली ट्रिप संपलेली असते. म्हणजे आठवडाभरासाठी आलेल्या पर्यटकाची भिस्त प्रामुख्याने या पहिल्या दोन दिवसांवरच असते.

त्रास कसा ओळखायचा?

उंचीवरच्या साध्या त्रासाला अक्युट माउंटन सिकनेस म्हणतात. तो बहुधा पोहोचल्यावर 6 ते 12 तासांनी सुरू होतो. खरी गोम इथंच आहे. विमानातून उतरल्यावर माणूस एकदम ठीक असतो. 'मला तर काहीच झालं नाही' असं म्हणत दुपारी बाजार फिरतो, शांती स्तूपाच्या पायऱ्या चढतो. डोकं दुखायला लागतं ते रात्री.

लक्षणं साधी असतात. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, चक्कर, थकवा, झोप न येणं. रात्री ढोसून सकाळी उठल्यावर जसं वाटतं, तसंच साधारण. आराम केला आणि आणखी वर गेलं नाही, तर बहुतेकांचा हा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो.

पण दोन प्रकार जिवावर बेतू शकतात.

एकात फुप्फुसात पाणी साचतं. काही न करता, नुसतं बसल्या जागी धाप लागते, सतत खोकला येतो, पुढे गुलाबी फेसाळ कफ पडू शकतो. हे साधारण दुसऱ्या रात्रीच्या सुमारास डोकं वर काढतं.

दुसऱ्यात मेंदूला सूज येते. माणूस असंबद्ध बोलतो, गोंधळतो, चालताना झोकांड्या जातात. याची एक सोपी चाचणी आहे. एका पावलाच्या बोटांना दुसऱ्या पावलाची टाच टेकवत सरळ रेषेत चालायला सांगा. जमत नसेल, तर 'झोपला की बरं वाटेल' म्हणत बसू नका.

या दोन्हींत ऑक्सिजन, खाली उतरणं आणि डॉक्टर, हे तिन्ही तातडीनं लागतात. लेहमधल्या सोनम नोरबू मेमोरियल हॉस्पिटलला अशा रुग्णांचा चांगला अनुभव आहे.

लक्षात ठेवायचा नियम एकच. लेहमध्ये डोकं दुखलं, मळमळलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असं धरून चाला. 'रात्री काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल' हे कारण सगळ्यांत शेवटी.

'मी फिट आहे, मला काय होणार?'

दर रविवारी नॅशनल पार्कातून कान्हेरीपर्यंत सायकल मारणारा, पावसाळ्यात हरिश्चंद्रगड करणारा तरुण हमखास हे बोलतो. पण व्यायामाने हृदय आणि स्नायू मजबूत होतात, उंचीची सवय होत नाही. त्रास कोणाला होणार, हे फिटनेसवरून सांगता येत नाही. महत्त्वाचं ठरतं ते किती वेगाने वर गेलात, किती उंचीवर झोपलात आणि पूर्वी कधी असा त्रास झालाय का.

उलट फिट माणसाला धोका वेगळाच असतो. अंगात ताकद असते म्हणून तो पहिल्याच दिवशी धावपळ करतो. ग्रुपमध्ये आपण मागे पडलोय हे दिसू नये म्हणून डोकेदुखी लपवतो. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या ग्रुपमध्ये हे जास्त होतं. सोबतच्या माणसाला सकाळी 'झोप लागली का, डोकं दुखतंय का' एवढं विचारणंही मोठं काम करून जातं.

हृदयाचा, फुप्फुसाचा आजार असलेल्यांनी, रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायला हवं. विदर्भात, आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो. घरात कुणाला तो असेल, तर त्यांनी हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण विरळ हवेत सिकलसेलचा त्रास उसळू शकतो.

कापराची पुडी, कोका-30 आणि ऑक्सिजनचा डबा

मराठी ग्रुपच्या सामानात या तीन गोष्टी हटकून सापडतात.

कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं, ताजंतवानं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. ट्रेकर मंडळींत लोकप्रिय असलेल्या कोका-30 या होमिओपॅथीच्या गोळ्यांनी उंचीचा त्रास टळतो, याला भक्कम पुरावा नाही. ऑक्सिजनच्या छोट्या डब्याने काही मिनिटं बरं वाटतं, डबा संपला की पुन्हा तेच. त्याच्या जोरावर पुढची खिंड चढायला निघणं, हा खरा धोका.

पुरावा असलेलं औषध म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, जे अनेकांना डायमॉक्स या नावाने माहीत आहे. ते वेदनाशामक नाही. मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकण्याचं जे काम करतात, त्याला ते वेग देतं. साधारणपणे ते वर जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू करतात. पण ते सगळ्यांना चालत नाही. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. ग्रुपवरच्या फॉरवर्डवरून डोस ठरवू नका.

दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले दोन-तीन दिवस बंद. दोन्हींमुळे झोपेत श्वास आणखी मंदावतो. पाणी पुरेसं प्या, पण पाच-सहा लिटर ढोसल्याने सवय लवकर होत नाही.

आता राहिला ऑक्सिमीटर. कोविडमुळे तो घरोघरी आला आणि 94च्या खाली आकडा गेला की पोटात गोळा यायची सवय लागली. लेहमध्ये पहिल्या दिवशी धडधाकट माणसाचाही आकडा 90च्या आसपास किंवा थोडा खाली दिसू शकतो. म्हणून नुसत्या आकड्याने घाबरून जाऊ नका आणि चांगला आकडा दिसला म्हणून लक्षणांकडे दुर्लक्षही करू नका. माणूस कसा दिसतो, कसा चालतो, कसा बोलतो, याकडे आधी बघा. आकडा सोबतच्या इतरांपेक्षा बराच खाली असेल आणि धापही लागत असेल, तर थेट हॉस्पिटल.

पँगाँगचा मुक्काम शेवटी का ठेवायचा?

2009च्या 'थ्री इडियट्स'नंतर पँगाँग प्रत्येकाच्या यादीत आलं. 26 डिसेंबर 2024 रोजी लष्कराने तिथं तलावाकाठी, 14,300 फुटांवर छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला. त्यामुळे मराठी पर्यटकांना तिथं जायला आणखी एक कारण मिळालं.

पण उंचीचं गणित बघा. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असं डॉक्टर सांगतात. नुब्रातलं हुंडर साधारण 3,100 मीटरवर, लेहपेक्षाही खाली. पँगाँग 4,300 मीटरच्या आसपास. अनेक ग्रुप लवकर आटपायचं म्हणून दुसऱ्याच दिवशी नुब्रा आणि तिथून थेट पँगाँग गाठतात. म्हणजे एका रात्रीत झोपण्याची उंची तब्बल 1,200 मीटरने वाढली.

दुसरी गोष्ट पीडीएफमध्ये कुणी लिहीत नाही. पँगाँगला मध्यरात्री कुणाची तब्येत बिघडली, तर उपाय म्हणजे खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला यायचं तर मध्ये चांग ला आहे, 5,300 मीटरहून उंच. म्हणजे खाली येण्यासाठी आधी हजार मीटर वर चढावं लागतं, तेही रात्री, थंडीत. नुब्राहून परततानाही खारदुंग ला आडवी येते.

म्हणून निर्णय लेहमध्येच घ्यायचा असतो. डोकं दुखत असेल तर गाडी पुढे न्यायचीच नाही. 'पैसे भरलेत', 'सगळे थांबतील माझ्यामुळे' ही कारणं खिंडीच्या पलीकडे उपयोगाची नाहीत.

मग बेत कसा आखायचा? पहिला दिवस पूर्ण आराम. दुसऱ्या दिवशी लेहचा बाजार, जमलं तर सतराव्या शतकातला नऊ मजली राजवाडा बाहेरून, सावकाश. तिसऱ्या दिवशी पश्चिमेला निम्मूजवळचा सिंधू-झंस्कार संगम आणि अल्चीचा जुना मठ. हा सगळा भाग लेहपेक्षा खाली आहे, त्यामुळे फिरणंही होतं आणि शरीरालाही उसंत मिळते. मग नुब्रा, परत लेह आणि सगळ्यांत शेवटी पँगाँग. याला निदान सात-आठ रात्री लागतात. सुट्टी पाचच दिवस असेल, तर पँगाँगचा मुक्काम गाळणं शहाणपणाचं.

विमान की रस्ता?

वेळ असेल तर जाताना श्रीनगरमार्गे रस्त्याने आणि येताना विमानाने, हा क्रम शरीराला सोयीचा. श्रीनगर 1,585 मीटर, कारगिल 2,676 मीटर, मग लेह. टप्प्याटप्प्याने चढ होतो. बोरिवलीलाही थांबणारी स्वराज एक्स्प्रेस कटऱ्यापर्यंत जाते आणि जून 2025पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. म्हणजे श्रीनगरपर्यंत रेल्वेने जाता येतं.

मनालीचा रस्ता बाइकवाल्यांचा लाडका, पण कठीण. वाटेतलं सरचू साधारण 4,300 मीटरवर आहे. तिथं मुक्काम केलात, तर लेहला पोहोचण्याआधीच तुम्ही लेहपेक्षा खूप वर झोपलेले असता.

एवढं सगळं ठीक, पण पाण्याचं काय?

लेहला थंड वाळवंट म्हणतात, कारण पावसाचे ढग हिमालयातच अडतात. महाबळेश्वरात धो-धो आणि पलीकडे माण-खटावमध्ये कोरडं, तसंच, फक्त कैक पटींनी मोठं. लेहमध्ये वर्षभरात साधारण 100 मिलिमीटर पाऊस पडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा पाऊस उपनगरात एका दिवसात पडला.

तिथली शेती आणि घरं चालतात ती हिमनद्यांच्या वितळणाऱ्या पाण्यावर. जुन्या लडाखी घरात पाण्याशिवायचे कोरडे संडास असायचे, त्यातलंच खत शेतात जायचं. लडाख पर्यटकांसाठी 1974 मध्ये खुला झाला. 2022 मध्ये तिथं पाच लाखांहून जास्त पर्यटक गेले. 2011च्या जनगणनेत संपूर्ण लडाखची लोकसंख्याच 2.74 लाख होती. या सगळ्यांना फ्लश आणि शॉवर हवा असतो. त्यासाठी हॉटेलांनी बोअरवेल खोदल्या. सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यातलं पाणी वसंत ऋतूसाठी साठवायला 'बर्फाचे स्तूप' उभारण्याचा प्रयोग केला, तो याच टंचाईतून.

पर्यटकाने काय करायचं? बादलीने अंघोळ, टॉवेल रोज बदलायला न सांगणं, बाटली भरून घेणं. पहिल्या दिवशी तर आंघोळ टाळली तरी चालतं, थंडी वाजून थकवा वाढत नाही.

निघण्यापूर्वी

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. घरच्यांना तसं सांगून ठेवा. 2021पासून भारतीयांना नुब्रा-पँगाँगसाठी इनर लाइन परमिट लागत नाही, पण पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरावं लागतं. थोडी रोख जवळ ठेवा. गॉगल आणि सनस्क्रीन हौसेसाठी नाही. दर 1,000 मीटरला अतिनील किरणं साधारण 10 टक्क्यांनी वाढतात.

आणि ग्रुपवर आलेली ती पीडीएफ पुन्हा एकदा उघडा. प्रत्येक रात्रीसमोर मुक्कामाच्या गावाची उंची मीटरमध्ये लिहा. पहिल्या दोन रात्री लेहमध्येच आहेत का, पुढे कुठे 500 मीटरहून मोठी उडी आहे का, आणि सगळ्यांत उंच मुक्काम शेवटाकडे आहे का, एवढं तपासा. तसं नसेल तर पैसे भरण्यापूर्वीच टूरवाल्याला बेत बदलायला सांगा. तो तयार नसेल, तर दुसरा शोधा.